आतल्या बाजूची तार

गुंद, ता. जोयडा
१७ नोव्हेंबर १९९७

आत्या,

नमस्कार शेवटी लिहीन. आधी हे वाच.

तू आप्पांना लिहिलेलं पत्र शुक्रवारी आलं. पाकिटावर ‘फक्त अण्णाने वाचावे’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्यास. आप्पांनी पाकीट फिरवून पाहिलं आणि माझ्याकडे दिलं. म्हणाले, “वाच गं. आमची रुक्मा काय म्हणती बघू.” मोतीबिंदूमुळे आप्पांना पावसाळ्यापासून जवळचं अक्षर दिसत नाही, हे मी तुला श्रावणातच कळवलं होतं. तू विसरलीस. तेव्हा ‘केशरला यातलं काही कळू देऊ नकोस’ हे वाक्य मीच मोठ्याने वाचलं. आप्पा म्हणाले, “बरं. मग फुडं?”

पुढचंही मीच वाचलं.

दिवाळीत मी बेळगावला तुझ्याकडे आले ती उजवी दाढ ठणकत होती म्हणून. तू ज्या दवाखान्यात फरशी पुसतेस आणि हत्यारं उकळतेस तिथे मला नेलंस. डॉक्टरांनी दाढ भरली. मग तू म्हणालीस, “जरा तोंड उघडं ठेव, दाढेचा साचा घ्यायचा हाय.” वरच्या आणि खालच्या अख्ख्या जबड्यात ते पुदिन्याच्या वासाचं गार पीठ दाबून बसवलं. एका दाढेला एवढं पीठ कशाला, असं मला तेव्हाही वाटलं. विचारलं नाही, कारण शेजारी तू उभी होतीस.

आता कळलं. ते साचे माझ्या पुढे आलेल्या दातांचे होते. मुंबईला गेले आहेत. तिथे त्यांच्या मापाने तार तयार होणार आणि ती दातांना आतल्या बाजूने, जिभेकडून लावणार, म्हणजे बाहेरून कुणाला दिसणार नाही. तिला लिंग्वल म्हणतात, असं तू लिहिलं आहेस. बत्तीस हजार. समोरून लावायची साधी तार आठ हजारांत होते, हेही त्याच पत्रात आहे.

आणि मग हे: ‘केशरच्या मिरीची दोन पोती माळ्यावर हायत, ती काढ.’

त्या मिरीचे वेल मी नऊ वर्षांची असल्यापासून लावत आले. अकरा वेल, फणसावर आणि आंब्यावर चढवलेले. आपल्या घरात ज्याने जे लावलं ते त्याचं, हे आप्पांनी तुला आणि मला दोघींना सांगितलं, ज्या पाटीवर आपण अक्षरं गिरवली त्याच पाटीशेजारी बसवून. चार वर्षं मी ती मिरी विकली नाही. वाळवून ठेवलेली मिरी खराब होत नाही. ती बेळगावच्या शिक्षक प्रशिक्षणासाठी आहे. तुला ठाऊक आहे. तूच म्हणाली होतीस, दोन वर्षं माझ्याकडे राहा.

कोजागिरीला रामनगरची मंडळी मला बघायला आली, तेव्हाही मी तुझंच ऐकलं. तू म्हणालीस, तोंडात विडा धरून बस, म्हणजे ओठ मिटलेले राहतील. शकुंतलाबाईंनी, म्हणजे मुलाच्या आईने, पान पुढे केलं ते मी घेतलं आणि अर्धा तास गालात धरून बसले. माझं नावसुद्धा आप्पांनी सांगितलं. मुलगा समोर बसला होता आणि मी पानाचा रस गिळत होते.

मला तीन गोष्टी सांग. साचे कुणाला विचारून घेतलेस? तार लपलेलीच हवी, हे कुणी ठरवलं? आणि रामनगरच्यांना यातलं काय माहीत आहे?

नमस्कार.

केशर


बेळगाव
३० नोव्हेंबर

चि. केशरला,

तुझा कागद मिळाला. तीन वेळा वाचला. एवढी चांगली अक्षरं शिकून माणूस असं लिहितं व्हय? मी काय चोरी केली न्हाई. साचाच घेतलाय, दात तर काढून घेतले न्हाईत.

अण्णाच्या डोळ्यांचं माझ्या ध्यानात राहिलं न्हाई, ही माझी चूक. बाकी कुठली चूक मी मान्य करणार न्हाई.

आता नीट ऐक. पुण्याचे एक डॉक्टर महिन्यातल्या पहिल्या रविवारी आमच्या दवाखान्यात येतात. ही आतली तार तेच लावतात. आमच्याकडे आत्तापर्यंत दोघांनीच लावली. एक वकिलाची मुलगी, दुसरी विमानात काम करणारी. त्या बोलल्या, हसल्या, कुणाला काही दिसलं न्हाई. पहिला महिना जिभेला टोचतं, मेण लावावं लागतं. बोलताना अडखळायला होतं. भाकरी दुधात भिजवून खायची. दीड वर्ष. मग दात असे बसतात की आरशात स्वतःला ओळखायला दोन दिवस लागतात.

पैसे एकदम द्यायचे न्हाईत. साचे गेले तेव्हा दहा हजार, तार बसेल तेव्हा दहा, राहिलेले महिन्याच्या हप्त्याने. पहिले दहा मी भरले. आमची बारा बायकांची भिशी हाय, यंदा माझी पाळी लागली. मी डॉक्टरांशी भांडून दोन हजार कमी पण करून घेणार हाय, अजून बोलले न्हाई. कॉलेजच्या दवाखान्यात शिकाऊ पोरं समोरची तार अडीच हजारात लावतात, पण आतली तिथं न्हाई. चौकशी केली. तू समजतीस तशी मी पैसे उधळणारी न्हाई.

समोरची लावली आणि मे महिन्यात लगीन ठरलं, तर तोंडात लोखंड घेऊन बोहल्यावर उभी राहशील. फोटो जन्मभर भिंतीवर राहतो.

कुणी ठरवलं म्हणतीस. मी ठरवलं. सगळं डोकं माझंच. रामनगरच्यांना कुणी काही सांगितलेलं न्हाई, सांगायचं बी न्हाई. विडा धर म्हटलं ते तुझ्या भल्यासाठी.

मुलगा चांगला हाय. स्वतःचं दुकान, दारूचं नाव न्हाई. असं स्थळ गुंदच्या जंगलात चालत येत न्हाई. मिरी पुढच्या वर्षी पण लागती. 

तुझी आत्या
रुक्मा


गुंद
१५ डिसेंबर

आत्या,

हे पत्र दोनदा लिहिलं. पहिलं चुलीत घातलं, कारण त्यात मी तुला एक शब्द वापरला होता, तो वापरायला नको होता. पण शब्द गेला, राग गेला नाही.

मी पाटीवर वजाबाकी मांडली. बत्तीसमधून आठ गेले, राहिले चोवीस. दात सरळ करायला आठ हजार लागतात. चोवीस हजार लपवायला लागतात. मला दोन पोती विकून दात सरळ करायचे नाहीत, दोन पोती विकून गप्प बसायचं आहे. असं करायला तू मला सांगते आहेस.

खरं सांगायचं तर सरळ दात मलाही आवडले असते. खालचा ओठ आतून सारखा कापतो. सहावीत जोयड्याच्या शाळेत मुलं काय म्हणायची ते मी तुला कधी सांगितलं नाही. म्हणून मला दात नकोतच, असं समजू नकोस. कुणी मला समोर बसवून विचारलं असतं, तर मी विचार केला असता. कुणी विचारलंच नाही. माझं तोंड उघडून त्यात पीठ भरलं.

तू बोलणं अडखळतं म्हणालीस ना, ते मी करून पाहिलं. वाडीतल्या धाकलू गावड्याने जंगलातून मधाचं पोळं आणलं होतं. त्याचं मेण मऊ करून वरच्या दातांच्या आत लावलं आणि अंगणातली शाळा घेतली. मी ‘ससा’ म्हटलं ते ‘थथा’ झालं. बावीस मुलांनी एका सुरात ‘थथा’ म्हटलं. गुणाची धाकटी तर घरी जाऊन आईलाही तेच शिकवून आली. हसू नकोस. या मुलांना शाळा सात किलोमीटरवर आहे. ती पहिलं अक्षर माझ्या तोंडून ऐकतात. दीड वर्ष मी त्यांना काय ऐकवू?

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. आपली फुला, दिग्गीची, रामनगरला दिलेली, परवा माहेरी जाताना थांबली. मला म्हणाली, “काय गं, शब्द देऊन बसलीस आणि आम्हाला कळवलं पण न्हाईस?” मी म्हटलं, कसला शब्द? तर रामनगरच्या त्यांच्या भावकीत मुलाच्या आईने दिलेला विडा मुलीने खाल्ला, म्हणजे तिने होकार दिला. नुसता हातात धरला तर बोलणी पुढे चालू. खाल्ला तर संपलं. त्यांनी त्याच आठवड्यात दुसऱ्या दोन मुलींच्या घरी नकार कळवला आहे.

तुला हे माहीत होतं का? माहीत नसेल असं मी मानते. पण मी दात झाकायला पान चघळत बसले आणि त्यांच्या हिशोबी मी हो म्हणून टाकलं. दोन मुलींना माझ्यामुळे नकार गेला. मला दोन रात्री झोप नाही. त्यांना वाटतं मुलगी सरळ दातांची आणि राजी आहे. दोन्ही खोटं आहे.

तू त्यांना खरं कळव. नाहीतर मी कळवीन.

केशर


बेळगाव
३ जानेवारी १९९८

केशर,

देवाशप्पथ, विड्याचं मला ठाऊक नव्हतं. आपल्यात विडा म्हणजे विडा. आला पाहुणा, दिलं पान. ते खानापूरकडून येऊन रामनगरला वसलेले, त्यांची रीत मला कोण सांगणार?

पण तू त्यांना लिहू नको. हात जोडते.

तुला माझं अर्धंच ठाऊक हाय. आत्याला नवऱ्याने टाकलं, एवढंच घरात बोलतात. का टाकलं ते कुणी बोलत न्हाई. माझे दात तुझ्यापेक्षा पुढं. माझ्या लग्नाच्या वेळी थोरल्या काकीने माझ्या तोंडात विडा कोंबला होता. बघायला आले तेव्हा विडा, अंतरपाटामागं विडा, वरातीत पदर. मी कुणाला दात दाखवला न्हाई. तिसऱ्या दिवशी सासूच्या हातून दुधाचं भांडं निसटलं, ते उलटं होऊन सासऱ्याच्या टकलावर पडलं आणि मला हसू आलं. खळखळून हसले मी. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सासू म्हणाली, “फसवलं की आम्हाला.”

त्यानंतर अकरा महिने होते मी तिथं. एकदा पण हसले न्हाई. तरी पाठवलं. अण्णा मला घ्यायला आला. काळी नदीशी आलो तेव्हा म्हणाला, “चल, वाचायला लिहायला येतंय न्हवं तुला, मरत न्हाईस.” म्हणून मी बेळगावला आले. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे दात सरळ होताना बघते. पोरी रडत येतात, हसत जातात. मला त्यात काय वाटत असेल?

विडा पडतो. पदर सरकतो. आतली तार पडत न्हाई. दीड वर्षानं ती काढतील तेव्हा लपवायला काही राहणारच न्हाई. माझ्या वेळेला हे असतं, तर मी भिशी कशाला, रक्त विकलं असतं.

आणखी एक गोष्ट हाय, ती मला सांगता येत न्हाई. विचारू नको. साचे मुंबईला पोचले. तार फेब्रुवारीत येईल. अण्णाला मिरी उतरवायला सांग.

रुक्मा


गुंद
१९ जानेवारी १९९८

सौ. शकुंतलाबाई यांस,

मी नारायण यांची मुलगी केशर. आपण कोजागिरीला आमच्या घरी आला होतात. मुलीने स्वतः असं पत्र लिहू नये, हे मला कळतं. वडिलांना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.

आपण मला पाहिलंत तेव्हा मी तोंड मिटून बसले होते. ते विनयाने नव्हे. माझे वरचे चार दात बरेच पुढे आहेत. ते दिसू नयेत म्हणून मी विडा तोंडात धरला होता. विडा खाण्याचा आपल्याकडे काय अर्थ होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यामुळे मी दिलेला शब्द मी जाणून दिलेला नाही.

लग्नाआधी मला दातांच्या आतून तार लावावी आणि आपल्याला कळू देऊ नये, असंही आमच्याकडे ठरत होतं. मला ते पटत नाही. आपण सगळं माहीत करून घेऊन मग काय ते ठरवावं. ज्या दोन मुलींना नकार गेला, त्यांची मी मनोमन क्षमा मागितली आहे.

आपली,
केशर


रामनगर
३१ जानेवारी १९९८

कु. केशर यांस,

आईला आलेले पत्र पावले. आई लिहीत नाही, म्हणून मी उत्तर देत आहे. आपण उगाच मनाला लावून घेतले आहे असे दिसते. काळजीचे कारण नाही. आम्ही आपले दात पाहिले होते.

त्या दिवशी जीप ओढ्याशी थांबवून आम्ही चालत वर आलो. आपण अंगणात मुलांना घेऊन बसला होता आणि काहीतरी मोठ्याने म्हणून दाखवत हसत होता. आम्ही फणसाआड उभे राहून पाहिले. आई तेव्हाच म्हणाली, पोरगी कामाची आहे, बाकी ठीक, दात तेवढे बघायला हवेत. परत निघताना आईने आपल्या आत्याबाईंना बाजूला घेऊन सांगितले की दात नीट करून देणार असाल तर आमची ना नाही. आत्याबाई दवाखान्यात असतात, त्यामुळे त्यांना सोपे पडेल. खर्च अर्थातच मुलीकडचा.

फक्त तार समोरून नको, एवढे आईने बजावले होते. दुकानात दिवसभर गिऱ्हाईक असते. लोक विचारणार, सुनेला काय झाले. आतून लागते असे आत्याबाईंनीच सांगितले, तेव्हा आईला बरे वाटले. आत्याबाईंनी एवढीच विनंती केली की ही आमची अट आहे हे मुलीला कळू देऊ नका, तिला वाईट वाटेल, मी ते माझ्या अंगावर घेते. आम्हाला त्यात काही गैर वाटले नाही. आता आपणच पत्र लिहिले म्हणून सांगावे लागत आहे.

बोलायला त्रास होतो असे ऐकतो. त्याचीही चिंता नको. आमच्या घरात सुनेला फार बोलावे लागत नाही.

मेचा मुहूर्त कायम समजावा. वडिलांना नमस्कार.

आपला,
वासुदेव


गुंद
१२ फेब्रुवारी

आत्या,

वासुदेवचं पत्र सोबत पाठवते. वाच आणि परत पाठव. मला ते जपून ठेवायचं आहे, आणि प्रेमाने नव्हे.

मला वाटत होतं की आपण त्यांना फसवतो आहोत. महिनाभर मी त्यांच्यासाठी झोपले नाही. त्या घरातल्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं. फसत होते ती मी एकटी.

मी तुला दोन पत्रांत जे बोलले, ते त्यांना बोलायचं होतं. तू मला चुकीच्या माणसावर रागवायला लावलंस आणि वर ‘सगळं डोकं माझंच’ म्हणून सही केलीस. मी तुझी क्षमा मागते. पण तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तू माझ्यासाठी शिव्या खाल्ल्यास, हे मला कळतं. पण तुला शिव्या देऊन मी त्या घरात गेले असते, आणि जन्मभर त्या बाईला आई म्हटलं असतं, आणि तुला चोर. हे तू माझ्या भल्यासाठी करत होतीस.

तुझी सासू काय म्हणाली ते पुन्हा एकदा वाच. तूच लिहिलं आहेस. ती ‘दात’ म्हणाली नाही. ‘फसवलं’ म्हणाली. तुझे दात तू केले नव्हतेस. विडा कोंबला तो काकीने. बावीस वर्षं तू दातांना दोष देते आहेस.

मी नाही म्हटलं आहे. कसं, ते सांगते. वासुदेवचं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. ‘फार बोलावे लागत नाही’ इथे ते म्हणाले, “परत वाच.” मी परत वाचलं. मग बराच वेळ त्यांनी चिलीम साफ केली. शेवटी म्हणाले, “पोरीला अक्षर शिकवलं ते काय मुकी करून द्यायला व्हय?”

खाल्लेला विडा परत कसा द्यायचा, याची रीत कुणालाच माहीत नव्हती. धाकलू गावड्याला विचारलं, तोही डोकं खाजवत बसला. तेव्हा मी नवी केली. परसातली पानं, आपल्या बागेतली सुपारी, वर लवंग टोचून विडा बांधला. आप्पा स्वतः रामनगरला गेले. मी सोबत गेले, पण बसस्टँडवर थांबले, कारण आत गेले असते तर मी काय बोलले असते याचा मला भरवसा नव्हता. आप्पांनी तो विडा शकुंतलाबाईंच्या पुढे ठेवला आणि म्हणाले, “आमच्या पोरीनं तुमचा विडा न कळता खाल्ला. हा घ्या, कळून दिलाय.” ती बाई म्हणाली, “अशा दातांना दुसरं कोण मिळतंय बघू की.” आप्पा म्हणाले, “बघा तुम्ही. आम्हाला बघायचं न्हाई.”

आई तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. भाकरी मात्र वाढते.

केशर


बेळगाव
२ मार्च

केशर,

तार आली.

पुठ्ठ्याच्या डब्यात, कापसात. पांढऱ्या प्लास्टरचे तुझे दोन जबडे आणि प्रत्येक दाताच्या मागं एक एक बारीक चकती, सोन्यासारखी पिवळी. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, पोरगी कुठाय? मी म्हटलं, येणार न्हाई. ते म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या तोंडात ही बसत न्हाई. दहा हजार बुडाले.

भिशीतल्या बायकांना मी सांगितलं होतं, भाचीचं लगीन हाय. आता त्या रोज विचारतात, तारीख कुठली? काय सांगू त्यांना? तुझा स्वाभिमान झाला, माझी मान खाली गेली. वासुदेवचं पत्र वाचलं. जाळावंसं वाटलं. तू परत पाठव म्हणालीस म्हणून पाठवते. शकुंतलाबाईनं मला गोठ्यामागं नेऊन काय काय सांगितलं ते तुला कधीच सांगणार न्हाई. मला तेव्हा वाटलं, ऐकून घ्यावं, पोरीचं घर बसतंय.

डबा माझ्या कपाटात हाय. रोज फरशी पुसून झाली की उघडून बघते. तुझं तोंड हाय ते, टाकवत न्हाई.

सासूच्या शब्दाचं तू लिहिलंस. त्यावर मी अजून काही बोलणार न्हाई. मला विचार करायला वेळ लागतो. तुझ्यासारखी मी लवकर रागवत न्हाई.

रुक्मा


गुंद
६ एप्रिल १९९८

आत्या,

सा. नमस्कार. या वेळी आधी लिहिला आहे.

मिरी विकली. दोन पोती वेगवेगळी. एक पोतं तुझं, एक माझं. तुझ्या पोत्याचे पैसे आप्पा आठवड्याभरात घेऊन येतील, डोळेही दाखवायचे आहेत. मी न मागितलेल्या वस्तूचे पैसे मी देते आहे, हे मला स्वच्छ कळतं. मला त्याचा राग येतो. तरी देते, कारण तू ते ज्या बायकांसमोर हातात घेतलेस त्यांच्यासमोर तुझी मान खाली नको. जे थोडे कमी पडतील ते तू सोस. तेवढी शिक्षा तुला हवी.

बायकांना सांग, भाचीची तारीख एक जून. प्रशिक्षणाचे वर्ग तेव्हा सुरू होतात. मला प्रवेश मिळाला, तर मी तुझ्याकडे राहायला येईन. डबा कपाटातच ठेव. पुण्याच्या डॉक्टरांना सांग, पोरगी येईल, पण नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पगारातून. आणि लावली तर समोरून. आठ हजारांची. ज्याला बघायची त्याने बघावी.

अर्जाला फोटो लागतो म्हणून दांडेलीला गेले होते. स्टुडिओतल्या माणसाने मला स्टुलावर बसवलं, हनुवटी धरून मान वळवली आणि म्हणाला, “अक्का, जरा तोंड मिटा.” मी मिटलं नाही. तो थांबला. “बायी मुच्चिरी,” त्याने तेच कानडीत सांगितलं, मला मराठी कळली नसेल असं वाटून. मी त्याला दोन्ही भाषांत सांगितलं की मला कळलं आहे, काढ. त्याला वाटलं मी हसते आहे. मी हसत नव्हते, आत्या. मला इतका राग आला होता की ओठ मिटतच नव्हते. फोटो मात्र चांगला आला. आप्पांनी डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, “रुक्मा दिसती.”

मग ते ट्रंकेतून तुझा फोटो काढायला गेले. आपल्या घरात तुझा एकच फोटो आहे, लग्नातला. त्यात कपाळ आहे, डोळे आहेत आणि खाली सगळा पदर. आप्पांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसले, जरी त्यांना नीट दिसत नाही.

तुझ्या दवाखान्याच्या कोपऱ्यावर स्टुडिओ आहे. आप्पा येतील तेव्हा त्यांच्याबरोबर तिथे जा. तुझ्या पोत्यातले पैसे काढ आणि एक फोटो काढून घे. सासऱ्याच्या टकलावर दुधाचं भांडं पडलं होतं, ते आठव. पदर तोंडावर नको.

तुझी,
केशर